नाकाबंदी आणि अंधाराचा पडदा

‘पोलीस ज्यांना जास्त अडवतात, ते गुन्हेही जास्त करत असणार’ हे वाक्य कट्ट्यावर सर्रास ऐकू येतं. समोरचा तेवढ्याच घाईनं म्हणतो, एखादा समाज लोकसंख्येत १० टक्के आणि अडवलेल्यांत २० टक्के, म्हणजे भेदभाव सिद्ध! दोघांचाही छेद चुकतो. त्या वेळी त्या रस्त्यावर कोण किती गाड्या चालवत होतं, हा खरा छेद. तो सहसा कोणाकडेच नसतो.

२००६ मध्ये ग्रॉगर आणि रिजवे या अमेरिकी संशोधकांनी या छेदाला बगल देणारी चाचणी मांडली, ‘अंधाराचा पडदा’: अंधारात पोलिसाला चालकाचा चेहरा दिसत नाही, म्हणून उजेडात आणि अंधारात कोण अडवलं जातं ते ताडून पाहायचं. समजा, नगर रोडवर संध्याकाळी पावणेसातला नाकाबंदी आहे. जूनमध्ये पुण्यात सूर्य सातनंतर मावळतो, त्यामुळे काचेआडचा चेहरा दिसतो. डिसेंबरात तो सहाच्या सुमारास मावळतो, मग पावणेसातला डोळ्यांवर येतो तो हेडलाइट. कामावरून सुटणारी गर्दी साधारण तीच, बदलला फक्त उजेड.

आता समजुतीपुरते आकडे घेऊ. चेहऱ्यावरून वेगळे ओळखू येणारे चालक उजेडात अडवलेल्या २०० पैकी ६०, अंधारात २०० पैकी ४४. त्यांचं इतरांशी प्रमाण उजेडात ६०/१४०, त्याला अंधारातल्या ४४/१५६ नं भागलं की येतात सुमारे १.५२, म्हणजे चेहरा दिसतो तेव्हा ते जास्त अडवले जातात. उत्तर १ च्या आसपास आलं असतं, तर चेहऱ्याचा संबंध दिसला नसता. सूर्यास्तानंतरची साधारण २५ मिनिटं, ना धड उजेड ना अंधार, हिशेबातून काढून टाकायची.

चाचणी फसतेही. पथदिवे लख्ख असले, गाडीच्या मॉडेलवरून किंवा नंबरप्लेटवरून अंदाज बांधला, तर अंधारातही भेदभाव चालतो आणि फरक पुसट होतो. शिवाय आषाढात पालख्या आल्या की रस्त्यावरची माणसंच बदलतात. अमेरिकेत घड्याळ वर्षातून दोनदा तासभर सरकतं, म्हणून तिथे आगेमागेच्या काही आठवड्यांचीच तुलना पुरते. आपल्याकडे ती सोय नाही. खुद्द ग्रॉगर-रिजवेंना कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात भेदभावाचा फारसा पुरावा मिळाला नाही, पण २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं अमेरिकाभरातल्या कोट्यवधी नोंदी तपासल्या, तेव्हा अंधार पडल्यावर अडवलेल्यांत कृष्णवर्णीय चालकांचं प्रमाण घटलेलं दिसलं.

अशा भेदभावासाठी एखादा शिपाई मनानं दुष्ट असावा लागत नाही. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा १९९३ मध्ये लंडनमध्ये खून झाला; पोलिसांनी केलेल्या त्याच्या तपासावरचा मॅकफर्सन चौकशी अहवाल १९९९ मध्ये आला. संस्थात्मक वंशवादात त्यानं नकळतचे पूर्वग्रह आणि अविचारही धरले. आपल्याकडे १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवल्या. तो १९५२ मध्ये गेला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय गेली नाही. तिथेच शोधलं की तिथेच सापडतं, आणि पुढच्या वेळी तीच नोंद कारण म्हणून दाखवता येते. चेहरा बघून गुन्हेगार सांगणारं एआय हा कवटी मोजून स्वभाव सांगण्याचाच जुना गंडा आहे, फक्त याला चार्जर लागतो.

पुण्यात ही चाचणी करायची तर चलान पुरत नाही, कारण अडवून नुसतं सोडून दिलेल्याचं चलान फाटत नाही. अडवल्याची मिनिटापर्यंत वेळ, जागा, कारण, झडती घेतली का आणि काय सापडलं, एवढे रकाने हवेत, रिकाम्या हातानं सोडलेल्यांसाठीसुद्धा.