सीमांत मूलपेशी रोपण

कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाह्यस्तर झिजून पुन्हा भरून येईनासा झाला, की मूलपेशी (नव्या पेशी सतत निर्माण करणाऱ्या पेशी) लावून तो नव्याने उभा करण्याची शस्त्रक्रिया. कॉर्नियाला परिभाषेत स्वच्छमंडल, तर बोलीत ‘बुबुळ’ म्हणतात. तो पांढरा पडला की डोळ्यात ‘फूल पडले’. बुबुळ हा शब्द आतल्या रंगीत पडद्यालाही लावतात, म्हणून येथे टाळला आहे.

हा बाह्यस्तर पेशींच्या पाच ते सात थरांचा असून आठवडा-दहा दिवसांत बदलतो. नव्या पेशी येतात कुठून, हा जुना वाद आहे. डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्या भागांच्या सांध्यावरची अरुंद कड, म्हणजे लिंबस, हे त्यांचे उगमस्थान असावे, असे डॅव्हेंजर व एव्हेन्सन यांनी 1971 मध्ये सुचवले. शर्मर, गॅल्व्हिन व सन यांनी 1986 मध्ये केराटिन-3 या प्रथिनाचा आधार दिला. पक्व पेशींची खूण असलेले हे प्रथिन कॉर्नियाच्या बाह्यस्तरात सर्वत्र आढळले. लिंबसच्या तळथरात मात्र नाही; म्हणजे तिथल्या पेशी अपक्व, मूलपेशींसारख्या. उलट 2008 मध्ये माजो व सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून मूलपेशी कॉर्नियाभर विखुरलेल्या असल्याचे मांडले. पुढे उंदरांत पेशींच्या वंशाचा माग काढणाऱ्या प्रयोगांचा कल लिंबसकडेच राहिला. लिंबस जळाल्यावर नेत्रश्लेष्मला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा, रक्तवाहिन्यांसह कॉर्नियावर चढते, हा रुग्णांतला अनुभवही त्याच मताला पोषक वाटतो.

लिंबस निकामी होण्याच्या कारणांत रासायनिक इजा, स्टीव्हन्स-जॉन्सन विकार (बहुधा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने त्वचा व श्लेष्मपटले सोलवटणारा) व जन्मजात परितारिकाहीनता (डोळ्यातला रंगीत पडदा नसणे) येतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटून चुना डोळ्यात उडणे, हे आपल्याकडचे ओळखीचे कारण.

केन्यन व त्सेंग यांनी 1989 मध्ये चांगल्या डोळ्याच्या लिंबसचे तुकडे थेट लावले. त्यात चांगल्या डोळ्यालाच धोका होता. 1997 मध्ये इटलीत पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत थर वाढवला. 112 रुग्णांवरील उपचारांच्या 2010 च्या इटालियन अहवालात 76.6 टक्के डोळ्यांत कायम यश नोंदले आहे. यश एकूण पेशींवर नव्हे, तर मूलपेशींची खूण मानले जाणारे पी-63 प्रथिन ठळकपणे दाखवणाऱ्या पेशींच्या प्रमाणावर ठरते, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष. याच पद्धतीच्या उत्पादनास युरोपात 2015 मध्ये सशर्त परवाना मिळाला. प्रयोगशाळेचा खर्च वगळणारी ‘स्लेट’ (साधे लिंबस-बाह्यस्तर रोपण, इंग्रजी आद्याक्षरांवरून) पद्धत हैदराबादेत संगवान, बसू व सहकाऱ्यांनी विकसित करून 2012 मध्ये प्रसिद्ध केली. तीत सुमारे 2 × 2 मिमी तुकड्याचे बारीक कण करून ते गर्भवेष्टनाच्या पडद्यावर फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे प्रथिन) गोंदाने बसवतात. पेशी डोळ्यावरच वाढतात. दोन्ही डोळ्यांचे लिंबस गेले असल्यास परक्या पेशी घ्याव्या लागतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागतात.

पुण्यात पेशीसंवर्धनाची परंपरा गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राशी जोडलेली आहे. 1980 च्या दशकात प्राण्यांच्या ऊती व पेशींची राष्ट्रीय सुविधा म्हणून ते सुरू झाले. ते रुग्णालय नव्हे; संशोधकांना पेशीवाण (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेले पेशींचे प्रकार) पुरवणे हे त्याचे एक मुख्य काम. परक्या पेशींकडे वळायचे, तर नेत्रदानातील कॉर्नियाचा मधला भाग रोपणासाठी कापून घेतल्यावर उरणारी कड एरवी टाकून देतात. लिंबसच्या पेशी तिच्यातूनच मिळू शकतात.

फुक्सचा ऱ्हास या कॉर्नियाच्या दुसऱ्या विकारात बिघाड बाह्यस्तरात नसून सर्वांत आतल्या थरात असतो. आतल्या थराच्या अशा बिघाडांसाठी क्योटोतील चमूने 11 रुग्णांच्या डोळ्यांत संवर्धित पेशी टोचल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काटेकोर अर्थाने मूलपेशी नव्हत.