शेवटची नन जाईपर्यंत: पोर्तुगालच्या मिठाईच्या दुकानांची पार्श्वभूमी

लिस्बनच्या पश्चिमेला, तेजू नदीच्या काठी, बेलेम नावाचा भाग आहे. तिथल्या एका दुकानाबाहेर बारा महिने रांग असते. दुकानाचं नाव 'पाश्तेइश द बेलेम', आत निळ्या-पांढऱ्या फरश्यांनी मढवलेल्या भिंती आणि जागोजागी लिहिलेलं साल: 1837. रांगेतून पुढे सरकत गेलं की हातात येतं ते तळहातावर मावणारं पाश्तेल. खारीसारख्या पापुद्र्यांची छोटी वाटी, तिच्यात अंड्याचा बलक, दूध आणि साखर यांचं कस्टर्ड, आणि वर भट्टीच्या कडक आचेनं उठलेले काळसर डाग. सोबत दालचिनी आणि पिठीसाखर. असंच पाश्तेल देशभर 'पाश्तेल द नाता' या नावानं मिळतं. नाता म्हणजे साय. बेलेमचं नाव मात्र हे एकच दुकान लावू शकतं.

खाऊन झालं की बहुतेक जण शेजारच्या जेरोनिमुश मठाकडे वळतात. खरं तर क्रम उलटा हवा. आधी मठ, मग दुकान, कारण दुकान मठातून निघालं आहे. नुसतं हेच दुकान नव्हे, पोर्तुगालची जवळजवळ सगळी नावाजलेली मिठाई मठांतून बाहेर आलेली आहे. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. पोर्तुगीज माणसाला 'दोसारिया कोन्व्हेन्तुआल' आठवते, म्हणजे मठांतली मिठाई.

जेरोनिमुश मठ राजा मानुएल पहिला यानं बांधायला घेतला तो सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. 1497 मध्ये वास्को द गामाची जहाजं याच किनाऱ्यावरून निघाली आणि पुढच्या वर्षी कालिकतला लागली. त्या वाटेनं येऊ लागलेल्या मसाल्याच्या व्यापारावर सुमारे 5 टक्के कर बसवला गेला आणि त्या पैशातून मठाच्या भिंती उभ्या राहिल्या. मलबारच्या मिरीचा पैसा त्या कोरीव दगडांत आहे. वास्को द गामाची कबरही आत आहे.

पोर्तुगालमध्ये चार दिवस फिरलं तरी एक गोष्ट लक्षात येते. गाव बदललं की मिठाईचं नाव बदलतं, आकार बदलतो, पण चव फिरून त्याच दोन गोष्टींवर येते: बलक आणि साखर. एखाद्या मिठाईत डझनभर बलक, भरपूर साखर, थोडे बदाम, आणि मैदा जेमतेम चमचाभर. हे असं का, याचं एक उत्तर सगळीकडे ऐकू येतं. मठांत अंड्यांचा पांढरा भाग नन्सच्या कपड्यांना खळ द्यायला आणि वाइन निवळायला वापरत. मग उरलेल्या बलकांचं करायचं काय, तर मिठाई. गोष्ट छान आहे आणि तिच्यात तथ्यही असेल, पण मला ती अपुरी वाटते. उरलेला बलक काही आपोआप मिठाई होत नाही. त्याला साखर लागते, तीही शेरांनी, आणि त्या काळात साखर म्हणजे श्रीमंतांची चैन होती.

ती साखर आली मदेराहून. अटलांटिकमधल्या या बेटावर पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकात ऊस लावला. मग आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं साओ तोमे, आणि सोळाव्या शतकापासून ब्राझील. मळे वाढत गेले आणि त्यांत राबणारी माणसं आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणली गेली. आज काउंटरवर चकाकणाऱ्या पिवळ्या मिठाईबद्दल बोलताना हा भाग गाळला जातो. तो गाळू नये. मठातल्या कढईत जो पाक उकळत होता, त्याच्यामागे समुद्रापार कुणाचं तरी आयुष्य उकळत होतं.

आणि अंडी? मठांकडे जमिनी होत्या, जमिनींवर कुळं होती. कुळांचा खंड पुष्कळदा धान्यात, कोंबड्यांत, अंड्यांत येई. मठांत राहणाऱ्या बायकाही सगळ्याच वैराग्यानं आलेल्या नव्हत्या. मोठ्या घराण्यात सगळ्या मुलींना हुंडा देऊन लग्न लावणं परवडत नसे, म्हणून एखाद-दुसरी मठात पाठवली जाई. ती सोबत मोलकरीण घेऊन येई, माहेरच्या स्वयंपाकघराची रीत घेऊन येई. सोळाव्या शतकातल्या इन्फांता मारिया या राजकन्येच्या पाककृतींच्या हस्तलिखितात 'पाश्तेइश द लेइत', म्हणजे दुधाची पाश्तेलं, आधीच आहेत. तेव्हा सगळं काही मठातच जन्मलं असं मानायचं कारण नाही. मठानं जे दिलं ते वेगळं: वेळ, शिस्त, आणि एकच पदार्थ पिढ्यान् पिढ्या त्याच हातांनी करत राहण्याची सोय.

त्या शिस्तीची खूण पाकात दिसते. पोर्तुगीज मिठाईत साखरेच्या पाकाच्या पायऱ्यांना 'पोन्तु' म्हणतात. तार येण्याचा पोन्तु, मोत्यासारखा थेंब धरण्याचा पोन्तु, कढईत चमचा ओढला की रस्ता उमटण्याचा पोन्तु, गोळी वळण्याचा पोन्तु. एकतारी, दोनतारी, गोळीबंद पाक असं ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बोटाच्या चिमटीत पाक धरून पाहणारी बाई कुठल्याही देशातली असो, ती घड्याळाकडे बघत नसते.

नावंही मठाचीच. 'बारीगा द फ्रेइरा' म्हणजे ननचं पोट, 'पापुश द आंजु' म्हणजे देवदूताची हनुवटी, 'तोसिन्यु दु सेऊ' म्हणजे स्वर्गातली डुकराची चरबी. या शेवटच्या मिठाईत एकेकाळी खरोखर चरबी घालत, आता तो बदामाचा आणि बलकाचा केक असतो.

मग 1834 आलं. त्याआधी दोन वर्षं पोर्तुगालमध्ये दोन भावांत यादवी चालली होती: उदारमतवाद्यांच्या बाजूनं पेद्रू, जुन्या राजेशाहीच्या बाजूनं मिगेल. धर्मसंघ बहुतेक मिगेलकडे झुकलेले होते. मिगेल हरला, आणि मे 1834 मध्ये मंत्री जोआकिम अन्तोनिउ द आगियार याच्या हुकुमानं मठ बरखास्त झाले, मालमत्ता सरकारजमा झाली. लोकांनी आगियारला 'माता-फ्रादेश', म्हणजे साधूंचा कर्दनकाळ, असं नाव ठेवलं.

या कायद्याचा एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची सगळी मिठाई त्यावरून दोन वाटांनी गेली. पुरुषांचे मठ ताबडतोब बंद झाले. बायकांचे नाही. नन्सना राहू दिलं, पण नवी मुलगी घ्यायला बंदी होती. शेवटची नन गेली की मठाला कुलूप. म्हणजे दारं बंद झाली नाहीत, आत उरलेल्या बायकांनी एकेक करून संपण्याची वाट बघितली गेली.

पहिली वाट बेलेमची. जेरोनिमुश पुरुषांचा मठ, त्यामुळे तो एका फटक्यात रिकामा झाला. जवळच उसाच्या साखरेची रिफायनरी होती आणि तिला लागून एक छोटं दुकान. मठाशी संबंधित कुणीतरी पोटासाठी तिथे पाश्तेलं विकायला ठेवली, अशी दुकानाची परंपरा सांगते. बेलेम तेव्हा लिस्बनपासून वेगळं होतं. लोक आगबोटीनं मठ आणि मनोरा बघायला येत आणि पाश्तेलांची चव लागली की पुन्हा येत. 1837 मध्ये खास जागेत पाश्तेलं भाजायला सुरुवात झाली. मालक दोमिंगुश राफाएल आल्व्हेश. कृती तेव्हापासून गुपित आहे, ती मोजक्या कारागिरांनाच माहीत असते, आणि ज्या खोलीत मिश्रण तयार होतं तिला 'गुपिताची कार्यशाळा' असंच म्हणतात. एक मालक, एक साल, एक कुलूपबंद कृती.

दुसरी वाट नन्सची, आणि ती फार हळू चालली. उत्पन्न बंद झालेल्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांनी मिठाई विकून दिवस काढले. त्यांच्या हाताखालच्या मोलकरणी, मठात वाढलेल्या मुली, गावातल्या नातलग बायका यांच्या हातात कृती गेली. कुठलीही एक तारीख नाही, एक मालक नाही. आवेइरु या खाडीकाठच्या गावात जीझसचा मठ होता. तिथली शेवटची नन 1874 मध्ये वारली, तोवर 'ओव्हुश मोलिश' गावभर पसरले होते. बलक आणि पाक यांचं मऊसर सारण, वर प्रार्थनेतल्या प्रसादाची असते तशी पातळ पापडी, आणि तिला शिंपल्याचा, माशाचा, पिंपाचा आकार. समोरच्या खाडीतल्याच या वस्तू. आज युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण या मिठाईला आहे, आणि ते दुकानाला नाही, प्रदेशाला आहे. मठाचं आता संग्रहालय झालं आहे.

कोइंब्राजवळच्या तेंतुगालमध्ये कार्मेलाइट नन्सचा मठ होता. तिथल्या पाश्तेलांचं पीठ म्हणजे फक्त मैदा आणि पाणी. खोलीभर पांढऱ्या चादरी अंथरतात, मधोमध पिठाचा गोळा ठेवतात आणि बायका कडेकडेनं फिरत तो ओढत, हवा देत पसरत नेतात, इतका की कागदापेक्षा पातळ होतो. मग कापून, तूप फिरवून, आत बलकाचं सारण घालून गुंडाळी. उलट्या मडक्यावर मांडे करणारी बाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही खोली परकी वाटणार नाही. यंत्रानं हे अजून जमलेलं नाही, आणि मला त्याचं समाधान वाटतं.

सगळीच दुकानं मात्र मठाची नाहीत. लिस्बनची 'कोन्फेइतारिया नासिओनाल' 1829 पासून आहे, म्हणजे बेलेमच्या दुकानाहून जुनी. तिनं फ्रान्समधून नाताळातला 'बोलु रेइ', म्हणजे राजाचा केक, आणला. 1910 मध्ये राजेशाही गेली तेव्हा या नावाची पंचाईत झाली आणि काही बेकऱ्यांनी ते बदलून पाहिलं. लोकांनी जुनंच ठेवलं. सिंत्रातली 'पिरिकीता' 1862 ची, तिथे ताज्या चीजच्या 'केइजादा' खाव्यात. आणि समुद्रकिनाऱ्यावर डबे घेऊन हिंडणारे विक्रेते ज्या 'बोला द बेर्लिम' विकतात, त्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू निर्वासितांबरोबर आल्या असं मानतात.

पोर्तुगीज जहाजं जिथे लागली तिथे ही मिठाई उतरली. 1569 मध्ये लुईश फ्रोइश या जेझुइट संघाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकानं जपानी सरदार ओदा नोबुनागाला साखरेचे 'कोन्फेइतु' भेट दिले. जपानी त्यांना आजही 'कोम्पेइतो' म्हणतात. नागासाकीचा 'कासुतेरा' केक त्याच वाटेचा. पाकात सोडलेले बलकाचे धागे, 'फियुश द ओव्हुश', थायलंडमध्ये 'फोय थोंग' झाले. मकाऊची अंड्याची टार्ट मात्र पुष्कळांना वाटते तितकी जुनी नाही. 1989 मध्ये अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसानं मकाऊतल्याच कोलोआनमध्ये बेकरी काढली आणि आपल्या पद्धतीनं नाता करायला घेतला. आज आशियात जो 'पोर्तुगीज टार्ट' मिळतो तो बराचसा त्या बेकरीचा वारस आहे.

आणि गोवा. जुन्या गोव्यात 1606 मध्ये आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांनी सांता मोनिका हा नन्सचा मठ सुरू केला. इथेही तेच घडलं: नव्या मुली घेणं बंद, आणि शेवटची नन गेल्यावर मठ संपला. बेबिंका या गोव्याच्या थरांच्या मिठाईची कृती याच मठातल्या बिबियाना नावाच्या ननची, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पदार्थ काय सांगतो ते पाहावं. बलक आणि साखर पोर्तुगालची, पण बदामाच्या जागी नारळाचं दूध आलं आणि लोण्याच्या जागी तूप. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो भाजला की तूप सोडून दुसरा. सात थर हवेत असं जुनी माणसं सांगतात. घाई केली की थर सुटत नाहीत, एकच गिच्च गोळा होतो.

गोव्याच्या नाताळातल्या फराळाच्या ताटाला 'कुस्वाद' म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीज 'कोन्सोआदा'वरून, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणावरून, आला. पण ताटात बेबिंका आणि दोदोलच्या शेजारी नेवऱ्या असतात, आपल्या करंज्याच. चण्याची डाळ आणि खोबरं घालून केलेला 'दोस' असतो. 'दोस' हा पोर्तुगीज शब्द, अर्थ गोड. पेरूची 'पेराद' असते, आणि पेरू हा शब्दही पोर्तुगीज 'पेरा'वरूनच आपल्याकडे आला, पावासारखा आणि बटाट्यासारखा.

बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिचं खरं घर अजून दुकानात नाही. नाताळाच्या आधी गावोगावच्या बायका घरी ऑर्डरी घेतात, आणि कुणाच्या हातचे थर सुटे येतात हे आसपासच्या चार वाड्यांना पाठ असतं. गोव्यात जाणार असाल तर सांता मोनिकातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आधी बघा. मग पणजीच्या फोंतेन्यास भागातल्या जुन्या बेकरीत जा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ज्या घरात उतरला आहात तिथल्या बाईंना विचारा की बेबिंका कुणाकडची घ्यायची. त्या दुकानाचं नाव सांगणार नाहीत. एखाद्या मावशीचं सांगतील.