शकुंतला बचाव आंदोलन

शकुंतला बचाव आंदोलन : यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा नॅरोगेज (अरुंद रुळांचा) लोहमार्ग बंद होऊ नये, आणि बंद पडल्यावर तो पुन्हा सुरू व्हावा, यासाठी पश्चिम विदर्भातील प्रवाशांनी चालवलेले आंदोलन. यवतमाळ, वाशीम, अकोला व अमरावती या चार जिल्ह्यांतील गावे या मार्गावर आहेत. प्रवाशांच्या तोंडी गाडीचे नाव ‘शकुंतला’ असेच होते.

मूर्तिजापूर हे नागपूर–भुसावळ मुख्य मार्गावरील स्थानक. तेथून एक फाटा कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला (११३ किमी.) आणि दुसरा बनोसा, अंजनगाव, पथ्रोटमार्गे अचलपूरला (७६ किमी.) जातो. दोन्ही मिळून लांबी १८९ किमी. भरते. रुळांतील अंतर ७६२ मिमी., म्हणजे अडीच फूट आहे. कालका–सिमला मार्गाचे मापही हेच. मात्र त्या मार्गाला मिळालेले वारशाचे कौतुक वऱ्हाडातल्या या मार्गाच्या वाट्याला आले नाही.

मार्ग केव्हा बांधला गेला याविषयी एकवाक्यता नाही. १९०३, १९१० आणि १९१६ अशी तीन साले निरनिराळ्या लेखनात आढळतात. १९०३ हे साल वृत्तपत्रांतून वारंवार येते. त्याच वर्षी वऱ्हाड प्रशासकीय दृष्ट्या मध्य प्रांताला जोडला गेला, त्यामुळे ते आकर्षकही वाटते. परंतु मार्गाची मालक असलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी किलिक, निक्सन अँड कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीने १९१० मध्ये स्थापन केल्याचे बहुतेक ठिकाणी नमूद आहे. तेव्हा १९०३ हे फार तर आखणीचे किंवा सुरुवातीच्या हालचालींचे वर्ष असावे. १९१० च्या सुमारास कंपनी उभी राहून पुढच्या पाच-सहा वर्षांत दोन्ही फाटे टप्प्याटप्प्याने खुले झाले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हेतूबद्दल मात्र वाद नाही. वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबई बंदरातून मँचेस्टरला पाठवायचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धापासून या कापसाला मागणी होती. मुख्य मार्ग मात्र यवतमाळ व अचलपूर या दोन्ही गावांना बाजूला ठेवून गेला होता. अचलपूर ही तर एके काळची वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हा ३५ किमी.चा नॅरोगेज मार्गही याच कंपनीचा.

मालकी हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे आणि आंदोलनाच्या मागण्या बहुतेक वेळा येथेच येऊन अडल्या. गाड्या आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि १९५१ पासून मध्य रेल्वे चालवीत असे. रूळ व जमीन कंपनीची, आणि त्यापोटी कंपनीला मोबदला. ‘राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सरकार ही रेल्वे विसरले’ अशी आख्यायिका चांगलीच रूढ आहे. ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. ज्या मार्गावर मध्य रेल्वेचे कर्मचारी रोज गाडी चालवीत होते, तो मार्ग सरकारच्या विस्मरणात गेला असेल असे वाटत नाही. जुना करार मुदतवाढी घेत चालू राहिला आणि उत्पन्न कमी असलेला मार्ग विकत घेण्याची निकड कोणालाच भासली नाही, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. परिणाम असा की देखभालीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न लोंबकळत राहिला आणि रूळ जीर्ण होत गेल्याने गाडीचा वेग उतरत गेला.

मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर होते. ते १५ एप्रिल १९९४ रोजी काढून डिझेल इंजिन लावले गेले. शेवटच्या काळात बऱ्याच स्थानकांवर कर्मचारीच नव्हते. तिकिटे गार्डच देत असे.

आंदोलनाचे स्वरूप निवेदने, धरणे व सत्याग्रह असे राहिले. त्याची एकसंध संघटना नव्हती. गावोगावच्या समित्या, प्रवासी आणि लोकप्रतिनिधी आपापल्या परीने मागणी मांडत. अमरावतीचे तत्कालीन खासदार आनंदराव अडसूळ यांनी गेज रूपांतराचा, म्हणजे हा मार्ग रुंद रुळांचा (ब्रॉडगेज) करण्याचा, पाठपुरावा केला. मागणीचा आधार साधा होता. एसटीच्या तुलनेत रेल्वेचे भाडे अगदी कमी पडे, आणि शेतमजूर, विद्यार्थी, वृद्ध व बाजाराला जाणाऱ्या बाया यांना तेच परवडे. गाडी नसली की एसटीची वाट पाहायची, नाही तर काळीपिवळीत दाटीवाटीने बसायचे. नेमके काय हवे यावर मात्र दोन सूर दिसतात. एक ब्रॉडगेजचा, दुसरा आहे तीच गाडी रूळ दुरुस्त करून आधी सुरू करा, असे म्हणणारा. वारसा म्हणून जतन करण्याची सूचनाही अधूनमधून होते. पण रोजच्या प्रवाशाला तिचा उपयोग थोडा.

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१६ मध्ये, गेज रूपांतरासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची घोषणा झाल्याचे वृत्त होते. त्यानंतरच्या काही वर्षांत दोन्ही फाट्यांवरील वाहतूक थांबली.

दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किमी.चा ब्रॉडगेज मार्ग हाती घेण्यात आला असून त्याचा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. यवतमाळ व दारव्हा या मार्गावर येतात; कारंजा, अंजनगाव, पथ्रोट व अचलपूर येत नाहीत. अचलपूरकरांना जवळचे ब्रॉडगेज स्थानक म्हणजे नरखेड–बडनेरा मार्गावरील चांदूर बाजार.