वाळलेलं मडकं, भाजलेलं मडकं

खानापूरच्या मातीचं, चाकावरून उतरवून उन्हात वाळवलेलं मडकं हातात घ्या. टणक लागतं, भरवशाचं वाटतं. त्यात पाणी ओतलं की थोड्या वेळानं बूड मऊ पडतं आणि मडक्याचा परत चिखल होतो. तेच मडकं भट्टीतून निघालेलं असेल तर वर्षभर पाण्यात राहू दे. फुटलं तर खापर होईल, चिखल नाही. भौतिक आणि रासायनिक बदलातला फरक मला इतका स्वच्छ दुसरीकडे कुठंच दिसला नाही.

उन्हात मातीच्या कणांमधलं पाणी तेवढं उडून जातं, कण तेच राहतात. हा भौतिक बदल. भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या खनिजात जखडलेलं पाणीही सुटतं, ते खनिजच मोडतं, आणि आच वाढेल तसे कण एकमेकांना सांधले जातात. हाती येते ती माती नव्हे, वेगळाच पदार्थ. हा रासायनिक.

शाळेत मुलं घोकतात, ‘उलटा फिरतो तो भौतिक, फिरत नाही तो रासायनिक.’ या वाक्यानं फार घोळ घातलाय. जोंधळा दळून आणला की पिठाचा परत जोंधळा होत नाही. तरी दळणं भौतिकच, कारण पिठात जोंधळ्याखेरीज नवं काही नाही. उलट कळीच्या चुन्यावर पाणी घाला. तो खदखदतो, वाफा निघतात, खडे विरून पांढरा भुगा होतो. नवा पदार्थ झाला, म्हणून रासायनिक. पण तोच विरलेला चुना ५०० अंशांच्या वर नीट तापवला की पाणी सुटून परत कळीचा चुना मिळतो! तेव्हा मुलांना एवढंच विचारायला शिकवा: नवा पदार्थ झाला का?

निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळावर तर दोन्ही बदल एकाच काहिलीत चालतात. रसातलं पाणी वाफ होऊन जातं, ते भौतिक. भेंडीच्या चिकट पाण्याला धरून मळी वर येते आणि गुळव्या ती काढून टाकतो, तेही तसंच. चुन्याची निवळी पडली की रसाचा आंबटपणा मरतो, हा मात्र रासायनिक. खाली चुलवाणात चिपाडं जळतात, त्याबद्दल तर शंकाच नको. पाक आटत आला की साखरेचे काही अंश रसातल्या अमिनो आम्लांशी जुळतात, रंग गडद होतो आणि तो खमंग वास सुटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामील मेलार यांनी १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. आपल्या बेळगावी कुंद्याच्या तपकिरी रंगातही तिचा मोठा वाटा आहे.

घरी गुळाचा खडा पाण्यात विरघळवून बघा. आटवलेलं पाणी परत मिळालं, पण उसाच्या रसाचा हिरवट रंग येत नाही. काहिलीत झालेले नवे पदार्थ त्या पाण्यातही तसेच असतात.