महाग हेडफोन म्हणजे संपूर्ण शांतता?

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन जितका महाग, तितका तो आजूबाजूचा प्रत्येक आवाज गिळून टाकतो, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. हेडफोनचे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. विमानाची घरघर, पंख्याची घूंघूं असे खालच्या पट्टीतले, एकसुरी आवाज यात छान विरतात. (हेडफोन बनवणाऱ्या बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये ही कल्पना सुचली, तीही विमानातच!) पण साधारण १००० हर्ट्‌झच्या वर, म्हणजे सेकंदाला हजाराहून जास्त कंपनं असलेल्या वरच्या पट्टीत, लहरी इतक्या आखूड होतात की उलटी लहर जुळवणं अवघड जातं. म्हणून शेजारच्यांचं बोलणं, भांड्यांचा खणखणाट, बाळाचं रडणं बरंचसं निसटून आत येतं. ते अडवायचं काम मुख्यतः कानाभोवतीच्या गादीचं, तिथे चिपची हुशारी फारशी चालत नाही. तेव्हा सोनी की बोस यावर डोकं खाजवण्याआधी गादी आपल्या कानांवर नीट बसते का, ते बघा. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. काडीमुळे फट पडली तर घरघरसुद्धा आत शिरते, मग किंमत कितीही असो.