थायमसमधील टी-पेशींची निवड

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस म्हणजेच यौवनलोपी ग्रंथी असते. टी-पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, इथे घडतात आणि त्यांतल्या शरीरावरच उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी इथेच बाद होतात. पौगंडावस्थेनंतर ग्रंथी आक्रसते व तिच्या जागी चरबी साठते, त्यामुळे ती दीर्घकाळ बिनकामाची समजली गेली. १९६१ मध्ये झाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती ढासळली आणि हा समज मोडला.

अस्थिमज्जेतून आलेली प्रत्येक कोवळी पेशी आपल्या ग्राहीची, म्हणजे समोरचा रेणू ओळखणाऱ्या पृष्ठभागावरील प्रथिनाची, जनुके तोडून-जोडून घेते. ही जुळणी यदृच्छेने होते. त्यामुळे कधी न भेटलेल्या विषाणूला ओळखणारा ग्राही त्यातून निघू शकतो, तसाच स्वतःच्या यकृतावर चालून जाणाराही. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात ग्राहीला शरीरातील एमएचसी प्रथिने, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवणारी प्रथिने, निदान ओळखता यावी लागतात. बहुतेक पेशींना ते जमत नाही. जगण्याचा संदेशच न मिळाल्याने त्या मरतात. गाभ्यात मात्र अट उलटी असते: स्वतःच्या प्रथिनांच्या तुकड्यांना घट्ट चिकटेल ती पेशी मारली जाते. शंभरातल्या जेमतेम पाचच पेशी रक्तात उतरतात.

इन्सुलिन तर स्वादुपिंडात बनते, मग त्याची ओळख छातीतल्या ग्रंथीत कशी पटावी? या विषयातला सर्वांत सुरस भाग हाच. गाभ्यातील उपकला पेशी इतर अवयवांच्या हजारो प्रथिनांची जनुके थोडी थोडी चालू करतात. एकेक पेशी त्यांतली मोजकीच. हे काम मुख्यतः एअर नावाच्या जनुकामुळे होते. ते १९९७ मध्ये सापडले, तेही एका दुर्मीळ आनुवंशिक रोगाचा माग काढताना. या रोगात परावटू (पॅराथायरॉइड) व अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींवर स्वतःच्याच टी-पेशी तुटून पडतात. एअर शाबूत असले तरी नमुने पुरे नसतातच. हृदयस्नायूतील अल्फा-मायोसिन हे प्रथिन थायमसच्या या पेशींत बनत नाही, आणि हृदयस्नायूच्या दाहाशी त्याचा संबंध दिसून आला आहे.

घट्ट चिकटणाऱ्या काही पेशी मरत नाहीत, त्या नियामक टी-पेशी बनतात आणि चाळणीतून निसटलेल्यांना आवरतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. या पेशी फॉक्सपी३ जनुकावर अवलंबून असतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यातील बिघाड मुलग्यांत दिसतो: तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब.