रायझर बसवायचा की हँडलच बदलायचं?

बाइकवर लांबच्या प्रवासात खांदे भरून येतात म्हणून लोक दुसऱ्या मॉडेलचं हँडल शोधत फिरतात, आणि मनगटं दुखतात म्हणून रायझर घेऊन येतात. बऱ्याचदा नेमकं उलटं हवं असतं.

रायझर म्हणजे हँडलच्या क्लॅम्पखाली, म्हणजे हँडल मधोमध धरून ठेवणाऱ्या पकडीखाली, बसणारे ठोकळे. हँडलची रुंदी तीच राहते, ग्रिपचा कोनही तोच; फक्त हँडलची जागा बदलते. वर जाताना ते थोडं मागेही येतं, कारण स्टिअरिंगचा दांडा मागे कललेला असतो. हा कल २६ अंशांचा धरला, तर त्याच रेषेत बसणारा ३० मिमीचा रायझर हँडलला साधारण २७ मिमी वर आणि १३ मिमी मागे आणतो. पुढे वाकून बसावं लागणाऱ्याच्या पाठीला हे १३ मिमीसुद्धा जाणवतात.

मनगटाचं दुखणं मात्र कोनाचं असतं. ग्रिप किती मागे वळलेली आहे आणि दोन हातांत किती अंतर आहे, हे हँडलच ठरवतं. तिथे रायझर फारसा उपयोगी नाही. खर्चाआधी क्लॅम्प सैल करून हँडल जरा फिरवून बघा, मग क्लच-ब्रेकचे लिव्हर बोटं कोपरापासून सरळ रेषेत येतील असे लावा. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दुसऱ्या मॉडेलचं हँडल घ्यायचं तर माप दोन ठिकाणी घ्या. बहुतेक गाड्यांवर ग्रिपपाशी जाडी २२.२ मिमी असते, अनेक क्रूझरवर, म्हणजे ऐसपैस बसायच्या बाइकवर, २५.४. मधोमध क्लॅम्पपाशी मात्र ती २८.६ सुद्धा असू शकते. म्हणजे ग्रिप चपखल बसली तरी हँडल तुमच्या क्लॅम्पमध्ये जाईलच असं नाही. शिवाय अनेक गाड्यांच्या स्विचच्या डबीत आतून एक बारीक खुंटी असते, तिच्यासाठी हँडलला भोक असतं. नव्या हँडलला ते दुसरीकडेच निघालं की काही जण खुंटी कापून टाकतात. कृपा करून तसं करू नका, डबी हँडलवर फिरायला लागते. योग्य जागी तेवढंच भोक पाडून घ्या.

दोन्ही बदलांत खरा धोका केबलचा. मी रायझर बसवले तेव्हा उभ्या गाडीवर सगळं छान वाटलं. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि आवाज एकदम चढला. अ‍ॅक्सिलरेटरला मी हातही लावला नव्हता. केबल ताणली जात होती. हेच वळणावर झालं असतं तर गाडी आपोआप पुढे झेपावली असती. मी रायझर काढले, लांब केबल मिळाल्यावरच परत बसवले. तुम्हीही दोन्ही बाजूंना हँडल शेवटपर्यंत वळवा, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग ओढलं जात नाही ना बघा, आणि टाकी व ग्रिपमध्ये अंगठा चेमटत नाही ना, तेही.